भुजंगप्रयातात पास झालेले कान

यावल, बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

श्री. निंबाभाऊ, मुक्काम पिंपळनेर, यांना जीवरामचा दोन्ही हात जोडून आणि मान जमेल तेवढी वाकवून नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमच्या उजव्या गुडघ्याला आराम असो आणि डाव्याने त्याचं अनुकरण करू नये. ('श्री.', 'भाऊ' आणि 'तुम्ही' एवढ्यापुरतंच. खालच्या ओळीपासून तू निंबा आणि मी जिवा.)

टक् टाऽक् टाऽक्, टक् टाऽक् टाऽक्. ओळखलास का आवाज? पुना मास्तरांचा रूळ! चौथीचा वर्ग, खिडकीबाहेर कडुनिंबाचं झाड (तुझी हजेरी घेताना मास्तर त्याच्याकडेही एकदा बघायचे), आणि टेबलाच्या कडेवर पडणारा तो रूळ. पहिलं अक्षर आखूड, पुढची दोन लांब. लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात! आपण पन्नास पोरं अशी काही ओरडायचो की बाजारातले बैल माना हलवायचे. कवितेचा अर्थ मास्तरांनी कधी सांगितला नाही आणि आपण कधी विचारला नाही, पण चाल हाडात गेली ती गेलीच. सहासष्ट वर्षांनी आज चहात बिस्कीट बुडवताना तो रूळ मला लख्ख ऐकू आला, आणि त्या नादात बिस्कीट कपात राहिलं. (बाहेरचा कुकर, भाजीवाला आणि कुंदाबाई यांपैकी काहीच ऐकू येत नाही. आतलं मात्र सगळं येतं.)

फोनच करणार होतो. पण दिवाळीला आपण वीस मिनिटं बोललो, तू गुडघ्याबद्दल आणि मी नातीबद्दल, आणि ठेवताना दोघांनीही "फार बरं वाटलं" म्हटलं. आमचा हितेंद्र केळीच्या बागेतून नुकताच आला होता. तो म्हणाला, "आबा, निंबाकाका एकटेच बोलत होते, आणि तुम्हीपण." तेव्हा पत्रच बरं. पत्र लिहायला कान लागत नाहीत.

माझे कान कशाने गेले हे तुला ठाऊकच आहे. एकतीस वर्षं यावलच्या स्टँडवर कंट्रोलर होतो आणि कर्णा माझ्या खिडकीच्या डोक्यावर होता. त्यात माझी हौस! गाडीची घोषणा कोणीही गद्यात करील. मी म्हणायचो,

फलाटावरी तीन गाडी उभी ही,
चला फैजपूरास जाण्यास कोणी!

(मोजून बघ, एक मात्रा हलणार नाही.) लोक पुढची ओळ ऐकायला थांबायचे आणि गाडी निघून जायची. तशा तक्रारी आल्या, साहेबांचं पत्रही आलं, ते मात्र अगदीच गद्यात होतं. सांगायचं काय, की फैजपूरच्या प्रवाशांच्या कानावर घालता घालता माझेच कान संपले. मी ते कबूल केलं नाही एवढंच. समोरच्याचे ओठ हलले की हसायचं, थांबले की मान डोलवायची. या दोन गोष्टींवर मी निवृत्तीनंतरची अठरा वर्षं काढली. फक्त दोन सांत्वनांच्या प्रसंगी हसू चुकीच्या जागी पडलं.

आता माझ्या नातीकडे येतो, कारण हे सगळं तिच्यामुळे आहे. हितेंद्र-मयुरीची मुलगी. कागदोपत्री मालिनी. (वृत्तावरून नाव मी ठेवलं. मयुरीला वाटलं, माझ्या कोणा मावशीचं असेल, म्हणून ती भिडेखातर हो म्हणाली.) घरात सगळे माही म्हणतात. जन्मापासून तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन वर्षांची होईपर्यंत आम्ही 'उशिरा बोलेल, घराण्यात आहे' म्हणत राहिलो, ही आमची चूक. मग जळगावच्या डिंपल मॅडमनी तपासलं, कानामागे बसणारी दोन गुलाबी मशीनं दिली आणि दर मंगळवारी बोलायला शिकवू लागल्या. पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा पोर ताटलीवर चमचा आपटून बघायची, परत आपटायची आणि आमच्याकडे अशी बघायची, जणू आवाज तिनेच शोधून काढलाय. आता साडेपाच वर्षांची आहे. तीन शब्दांचं वाक्य करते. जूनमध्ये पहिलीत जायचंय. मॅडमनी बजावलंय, की जागेपणी मशीन कानावर पाहिजेच. आवाज कानात गेला नाही तर शब्द तोंडात येणार नाही, आणि ही वर्षं गेली की भरून निघत नाहीत.

आणि नेमकी आत्ताच माहीबाई मशीनं काढून ठेवायला लागली. एकदा तांदळाच्या डब्यात सापडली, एकदा देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे, एकदा माझ्या जाकिटात. मॅडमनी तिला कारण विचारलं. तिने माझ्या कानाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "आबाला नाही." तीन शब्दांचं वाक्य येत असताना दोनच शब्द वापरले, पण निंबा, मला तेवढे पुरले. मॅडम माझ्याकडे वळून (आणि अक्षर न् अक्षर ओठांवर ठेवून) म्हणाल्या, "आबा, तुम्ही एकदा तपासून घ्या. तुम्ही लावलंत तर ती लावेल." मी मान डोलावली. या वेळी ऐकून डोलावली.

म्हणून गेल्या महिन्यात इथल्या एका मंडळाच्या कर्णतपासणी शिबिरात गेलो. शाळेचाच हॉल, बाहेर ऐंशी म्हातारे, आत एक बिचारी बाई सकाळपासून उपाशी. कानावर टोप्या घातल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले चार-पाच मोठे आवाज खरंच ऐकू आले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की कंटाळलेल्या त्या बाईचा हात ठेक्यात पडतोय. एक आवाज, मग दोन गुरूंएवढी लांब जागा. एक आवाज, परत तेवढीच जागा. लगागा, लगागा! निंबा, शाळेचा हॉल, समोर टेबल आणि भुजंगप्रयात. तू असतास तर तूही दाबलं असतंस. पुढे आवाज बारीक झाले, मग नाहीसे झाले, पण वृत्त थोडंच नाहीसं होतं! मी डोळे अर्धवट मिटून दाबत राहिलो. (मध्ये बाई पाणी प्यायल्या, तेव्हा माझी दोन बटणं जास्तीची पडली. पाणी पिताना कोण बघतंय?) मला फसवायचं नव्हतं रे. समोर परीक्षा दिसली की नापास व्हायला होत नाही, हा एवढाच माझा दोष. डोळे उघडले तर बाई कौतुकाने बघत होत्या. कागदावर लिहिलं होतं, 'श्रवणशक्ती उत्तम'. वय शहात्तर.

तो कागद मिरवत घरी आणला, ही दुसरी चूक. मला वाटलं, कुंदाबाई औक्षण करील. तिने कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "तुमचे कान इतके चांगले हायेत, मंग अठ्ठेचाळीस वर्षं मी काय भिताडाशी बोलत होती?" बहिऱ्या नवऱ्याला बायको माफ करते. पण ज्याला ऐकू येतं आणि तरीही जो दळण आणत नाही, त्याला कोणत्या तोंडाने माफ करील? तिने त्याच दिवशी अबोला धरला. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तेही माहीच्या पाटीवर हितेंद्रने लिहून दाखवलं म्हणून. अबोल्याचा काही परिणाम होत नाही हे बघून ती आणखी चिडली होती म्हणे.

यावर कडी मंडळाने केली. मंडळाचे अध्यक्ष प्रेमराज शेठ घरी आले, बराच वेळ त्यांचे ओठ हलले, मी बराच वेळ हसलो, आणि त्यातून असं निघालं की पुढच्या रविवारी माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ आणि 'यावल तालुक्यातील सर्वात तरुण कान' असं मानपत्र. नंतर माझं भाषण, 'मी माझे कान कसे जपले', आणि त्यानंतर श्रोत्यांचे प्रश्न! पत्रिका छापून आल्यावर खाली वाचलं, प्रमुख पाहुण्या जळगावच्या डिंपल मॅडम. ज्या बाईच्या 'पाणी घेता का'ला मी 'मंगळवारी' असं उत्तर दिलंय, तिच्या हातून ही शाल घ्यायची!

तेव्हापासून मी मॅडमच्या समोर गेलेलो नाही. दोन मंगळवार झाले. माहीला न्यायचं काम माझं, म्हणून दोन्ही वेळा मयुरीला सांगितलं, साडेदहाची, जळगावहून येऊन परत फिरणारी गाडी रद्द आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी गाडी कधी खोटी रद्द केली नव्हती. मयुरीचा विश्वास बसला. स्टँडच्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार?

असो. इकडे सर्व क्षेम आहे. वहिनींच्या हातच्या बिबड्यांची आठवण येते. लोभ आहेच, तो असाच दोन्ही कानांनी जप.

तुझा,
जिवा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. शाळेत दिपोटी साहेब तपासणीला यायचे तेव्हा तू त्यांच्या पाठीमागे उभा राहून मला खुणा करायचास, आठवतं? एक बोट म्हणजे 'हो', दोन बोटं म्हणजे 'नाही', मूठ म्हणजे 'गप्प बस'. तर रविवारी सकाळच्या गाडीने ये, पहिल्या रांगेत बस आणि श्रोत्यांच्या प्रश्नांची उत्तरं मला बोटांवर दे. धुळ्याला गाडी बदलावी लागेल, गुडघ्याला घेऊन ये. एवढं कर. तालुक्यात अब्रूचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा (गुरुवार). पत्र पेटीत टाकायला निघालो आणि कोपऱ्यावर आठवलं, की तुलाही ऐकू येत नाही. परत आलो.

म्हणून दुपारी माहीलाच तयार केलं. मशीन लावल्यावर तिला माझ्याहून कितीतरी चांगलं ऐकू येतं. तिला खुणा शिकवल्या. एक बोट, दोन बोटं, मूठ. पोरगी काय हुशार! तासाभरात सगळं पाठ. खेळ इतका रंगला की तिने मशीनं काढून बाजूला ठेवली (बोटांच्या खेळात त्यांचं काय काम?) आणि मीही ठेवू दिली. तिन्हीसांजेला मयुरी मशीनं घेऊन आली. म्हणाली, "माही, लाव बेटा." माहीने तिच्यासमोर दोन बोटं धरली. मयुरीने परत विचारलं. मूठ.

मयुरी माझ्याकडे बघून आत गेली. तिला ऐकू येतं, तिने माझ्यासारखं उगाच हसूनही दाखवलं नाही. निंबा, ज्या पोरीने काल मला 'आबा चहा घे' म्हटलं, तिला मी आज दोन बोटांवर आणून ठेवलं. रात्री जेवण गेलं नाही. रविवारी येऊ नकोस. आलास तर बोटं खिशात ठेव.

ता. क. तिसरा (शुक्रवार, सकाळ). ऐक, म्हणजे वाच. आज उठल्याबरोबर एक चिंचोका घेतला, त्याला जुन्या रेडिओची वायर गुंडाळली आणि कानामागे अडकवला. दुसऱ्या कानामागे दुसरा. मग ओट्यावर जाऊन बसलो. माही आली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, एक चिंचोका तिरका होता तो सरळ केला. मग आत पळाली आणि मशीनं घेऊन आली. माझ्यासमोर बसून दोन्ही लावली, एकटीने, कोणी न सांगता. दारात कुंदाबाई उभी होती. ती हसत होती. किती मोठ्याने ते कळलं नाही, पण पदर तोंडाला लावावा लागला एवढं नक्की. मग तिने मला हाताने बोलावलं आणि दळणाचा डबा दिला. अबोला सुटला असावा.

आता दळण आणलंय आणि हे लिहितोय. चिंचोके अजून कानामागेच आहेत, काढले तर तीही काढेल. पण चिंचोक्यावर किती दिवस जाणार? मॅडमना पत्र लिहून सगळं कबूल करावं म्हणतो. सत्कार झाल्यावर लिहावं, असं एक मन म्हणतं. आजच लिहावं, असं

माही बाही ओढतेय. तोंडाने म्हणाली, "आबा, दार वाजलं." निंबा, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तिला आलं! प्रेमराज शेठ मानपत्राचा मजकूर दाखवायला येणार होते, तेच असतील. कागद हातातच घेऊन उठतो.

(दारात उभ्याने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.) शेठ नाहीत. डिंपल मॅडम. खांद्याला त्यांची तपासणीची पेटी आणि हातात एसटीचं तिकीट, आजच्या साडेदहाच्या गाडीचं. माझ्या कानामागच्या चिंचोक्यांकडे बघतायत. आता काहीतरी विचारलं. ओठ हलले, थांबले. इथे माझी मान डोलायची वेळ. माही बोटं दाखवत नाही, तोंडाकडे बघत उभी आहे, माझ्या.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो.