‘खणखणीत’ यांनी आपली वाक्ये मोठ्याने वाचून दाखवावीत म्हणून

प्रति,
मा. नागरिक संवाद अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यासमोरचे दालन.

विषय : आपल्या कार्यालयाच्या ऑनलाइन नागरिक चर्चापीठावरील सदस्य ‘खणखणीत’ यांनी स्वतः लिहिलेली दोन वाक्ये स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचणेबाबत.

संदर्भ : १) मला मानद नियंत्रकपदावरून दूर केल्याचे आपले पत्र.
२) त्याआधी आपल्या दालनात झालेली आपली-माझी भेट, जिची कुठेही नोंद नाही.

अर्जदार : बाजारातील चष्म्याच्या दुकानाचा मालक. चर्चापीठावर सगळे ‘चष्मेवाले’ म्हणतात.

महोदय,

‘सविनय सादर’ असे लिहून सुरुवात करायची रीत आहे. मी ते दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. माझ्याजवळचा विनय मागच्या अर्जांत खर्च झाला, आणि त्या अर्जांचे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. तरी कार्यालयीन भाषा सांभाळून लिहीन. जिथे सुटेल तिथे माफी मागणार नाही.

१. चर्चापीठ सुरू झाले तेव्हा नियंत्रक व्हायला कोणी तयार नव्हते. राजकारणाची बातमी टाकली की खाली लोक एकमेकांच्या उरावर बसत. आपण दुकानात आला होतात, नवा चष्मा करायला. फ्रेम निवडता निवडता म्हणालात, “तुम्हीच बघा ना जरा. तुमचं लोक ऐकतात.” मी हो म्हणालो. पगार नाही, मानधन नाही, ओळखपत्र तेवढे मिळाले. तक्रार त्याबद्दल नाही.

२. माझी काम करण्याची पद्धत आपणांस माहीत आहे, कारण आपणच तिचे एकदा भाषणात कौतुक केले होते. कोणाची टिप्पणी मर्यादा सोडून गेली तर मी ती काढत नसे. मी त्या सदस्याला फोन लावत असे आणि त्याचेच वाक्य त्याला वाचून दाखवत असे. शांतपणे, स्वल्पविरामासकट. मग एवढेच विचारत असे की हे राहू द्यायचे का.

बेकरीवाल्याने एका पुढाऱ्याच्या आईवरून काहीबाही लिहिले होते. निम्मे वाचून होते तोच तो ओरडला, “काढा काढा! मी असा बोलतो होय?” निवृत्त मुख्याध्यापक तर म्हणाले, “हळू वाचा हो, फोन स्पीकरवर आहे, सूनबाई इथंच बसली आहे.” गॅरेजवाला पहिल्यांदा माझ्यावरच भडकला, फोन आपटला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःहून वाक्य काढले. माणूस बोटांनी जे लिहितो ते त्याच्या कानांनी कधी ऐकलेलेच नसते, एवढाच माझा अनुभव. मते कोणीही बदलली नाहीत. बेकरीवाला आणि मुख्याध्यापक आजही एकमेकांच्या पक्षाला पाण्यात पाहतात. पण ब्रेड तिथूनच घेतला जातो.

३. नंतर आपल्या कार्यालयाने आपोआप चाळणी करणारी यंत्रणा बसवली. या यंत्रणेला शब्दांची यादी दिलेली आहे, अक्कल दिलेली नाही. बेकरीवाल्याने ‘आज सकाळी भट्टी तापवून ब्रेड भाजून काढले’ असे लिहिले, तर ते हिंसक भाषा म्हणून उडाले. मी एका बातमीखाली ‘जवळचे दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या’ असा साधा सल्ला दिला, तोही व्यक्तिगत हल्ला ठरला. हे सगळे मी हसण्यावारी नेले. आपणही हसलात. त्याच सुमारास ‘खणखणीत’ नावाचे सदस्य अवतरले.

४. हे सदस्य प्रत्येक राजकीय बातमीखाली सर्वांच्या आधी हजर. आज या बाजूने, उद्या त्या बाजूने. त्यांना कोणताही पक्ष नाही. जिथे ठिणगी तिथे तेल ओतायचे, एवढेच त्यांचे धोरण. त्यांच्या लिखाणात शिवी नसते, म्हणून चाळणी त्यांना सलाम करून पुढे सोडते. मी फोन करायला गेलो तर प्रत्येक सदस्याच्या नावापुढे नंबर होता, यांच्या नावापुढे ‘राखीव’. विचारणा केल्यावर कळले की ते ‘विशेष सदस्य’ आहेत आणि त्यांचे लिखाण काढण्याचा अधिकार नियंत्रकाला नाही. विशेष कशासाठी, याचे उत्तर आलेले नाही. सहभाग मात्र दुपटीने वाढला आणि त्याबद्दल आपल्या विभागाला वरून शाबासकी मिळाली, हे मी बातमीत वाचले.

५. आता मूळ मुद्दा.

सरकारी रुग्णालयातील लहान मुलांचा विभाग रात्री बंद ठेवून मुलांना दुसऱ्या इमारतीत हलवणार, असे आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. ती बातमी चर्चापीठावर आली. माझी मुलगी त्याच विभागात रात्रपाळीची परिचारिका आहे. तिने आयुष्यात पहिल्यांदा तिथे काही लिहिले, तेही चार ओळी : एकेका खाटेवर दोन-दोन मुले असतात, दुसरी इमारत रस्त्यापलीकडे आहे, श्वास लागलेले मूल उचलून रस्ता ओलांडायला वेळ नसतो, मंत्रिमहोदयांनी एकदा येऊन पाहावे. खाली स्वतःचे काम लिहिले, कारण मीच तिला शिकवले होते की आपण कोण हे सांगून बोलावे.

त्याखाली ‘खणखणीत’ यांनी लिहिले : ‘रात्रपाळीत या बायकांचे काय चालते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, मुले हे फक्त निमित्त.’

या वाक्यात एकही शिवी नाही. चाळणीला त्यात काही सापडले नाही. मला सापडले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठोपाठ दहा-पंधरा जण खाली खिदळू लागले. त्यांना मी एकेक करून फोन केले आणि त्यांचे त्यांना वाचून दाखवले. सगळ्यांनी काढले. गॅरेजवाला तर रडकुंडीला आला. त्याची भाची त्याच विभागात बरी होऊन घरी गेली होती. उरले ते एकच वाक्य. ते आजही तिथेच आहे, सर्वांत वर, कारण त्याला सर्वाधिक प्रतिसाद आहेत.

मुलगी कामावर जाते तेव्हा रुग्णांचे नातेवाईक तिच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारतात. एकाने तोंडावर विचारले, “तुम्हीच का त्या?” ती घरी काही सांगत नाही. जे कळते ते तिच्या मैत्रिणीकडून. घरी येते, न्हाणीघरात जाते आणि आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून रडते. तिची आई बाहेर टॉवेल घेऊन उभी असते. दार ठोठावत नाही.

६. हे मी आपणांस सांगितले. अर्जात नव्हे, तोंडी. अर्जांना उत्तर येईना म्हणून मी स्वतः आपल्या दालनात आलो होतो. दार आपणच लावून घेतलेत. आत आपण, मी, आणि कोपऱ्यातल्या संगणकावर बसणारे आपले सहायक. मी त्या दिवशी नियंत्रक म्हणून बोललो नाही, बाप म्हणून बोललो. नळाची गोष्ट मी आमच्या सख्ख्या नातेवाइकांनाही सांगितलेली नाही. ती मी त्या एका दालनात, त्या एका दिवशी उच्चारली. आपण मान हलवलीत. पाणी दिलेत. म्हणालात, “दुर्लक्ष करा हो. मोठं मन ठेवा.”

तिसऱ्या दिवशी ‘खणखणीत’ यांनी माझ्या मुलीच्या चार ओळींखाली आणखी एक वाक्य लिहिले : ‘बाई, रडायचे तर रडा, पण नळ बंद ठेवा, पाणी सर्वांचे आहे.’

महोदय, हे वाक्य मी दुकानात वाचले. समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. त्यांना मी म्हणालो, “पुढची ओळ वाचा,” आणि मलाच पुढचे दिसेना.

७. मी कोणावर आरोप करीत नाही. दालनात तीन माणसे होती. त्यातला मी नव्हे, हे मी शपथेवर सांगतो. उरलेल्या दोघांपैकी बोटे कोणाची चालली, आणि चालवायला कोणी सांगितले, हे मला जाणून घ्यायचे नाही. कार्यालयाला सहभाग हवा होता, तो मिळाला. माझ्या मुलीच्या न्हाणीघरापर्यंत मिळाला.

मी त्या वाक्याखाली जाहीरपणे एवढेच विचारले, ‘कृपया आपला फोन नंबर द्यावा, आपणांस काही वाचून दाखवायचे आहे.’ दुसऱ्याच दिवशी मला नियंत्रकपदावरून दूर केल्याचे पत्र आले. कारण : ‘सदस्यांना खासगी दूरध्वनी करून मानसिक त्रास देणे.’ ज्या पद्धतीचे आपण व्यासपीठावरून गोडवे गायलात, तीच पद्धत गुन्हा ठरली. वाहवा. ओळखपत्र सोबत परत करीत आहे.

८. पद परत नको. माफीही नको, छापील माफी कशी असते ते मी आपल्याच कार्यालयातून शिकलो आहे. माझी अडचण वेगळी आहे. मुलीने राजीनामा दिला आहे. मेट्रन बाईंनी तो टेबलाच्या खणात ठेवला आहे आणि मुलीला निरोप धाडला आहे, “शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी तो हरवलेला समजेन, त्यानंतर मला वर पाठवावा लागेल.” पाठवला गेला तर त्या विभागात रात्री एक बाई कमी होईल. ती बाई माझी मुलगी आहे म्हणून मला झोंबते हे खरे. पण ज्यांची मुले त्या खाटांवर दोन-दोन झोपतात त्यांनाही ते झोंबेल, आणि त्यांना चर्चापीठावर यायला वेळ नसतो.

९. तरी मागणी एकच. आमच्या चर्चापीठाचा जुना नियम ‘खणखणीत’ यांनाही लागू करावा. गुरुवारी सकाळी कार्यालय उघडताच मी आपल्या दालनात येईन. दार उघडे राहील. त्यांनी आपली ती दोन वाक्ये माझ्यासमोर मोठ्याने वाचावीत. संपूर्ण, पूर्णविरामापर्यंत, जिन्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाईल अशी. ‘खणखणीत’ कोण हे ठरवण्याची जबाबदारी मी आपल्यावर सोपवतो. कोणी पुढे येत नसेल तर विभागप्रमुख या नात्याने आपणच वाचावे.

वाचता आली तर राहू द्यावीत. मी ब्र काढणार नाही. वाचता आली नाहीत तर तिथल्या तिथे काढावीत आणि ज्या हातांनी लिहिली त्याच हातांनी माझ्या मुलीच्या चार ओळी सर्वांत वर आणाव्यात.

हा अर्ज पाठवण्याआधी मी घरी मोठ्याने वाचला, कारण नियम मलाही आहे. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. नळाचा परिच्छेद आला तेव्हा थांबलो आणि तिला विचारले, हे राहू द्यायचे का. ती म्हणाली, “राहू द्या, बाबा. पण त्यांना वाचायला लावा.”

कळावे.

आपला नम्र
(हा शब्द अर्जाच्या नमुन्यात छापलेला आहे, म्हणून),

(सही)
चष्मेवाले
मानद नियंत्रक, आपल्या पत्रानुसार माजी
दिनांक : सोमवार, दुकान उघडण्यापूर्वी

सोबत :
१) ओळखपत्र, दोरीसह.
२) ‘खणखणीत’ यांची दोन वाक्ये, मोठ्या ठळक अक्षरांत, एका कागदावर.
३) वाचनाचा चष्मा, एक. आपला नंबर दुकानात आहेच, त्याप्रमाणे बनवला आहे. पैसे नकोत. गुरुवारी ‘चष्मा घरी राहिला’ असे होऊ नये.