बाबांचे बोटीवरचे बूट

धाकट्या,

बाबांचे बोटीवरचे चामड्याचे बूट न विचारता घालून गेलास, खाऱ्या पाण्यात भिजवलेस आणि वर हीटरवर वाळवलेस! साध्या पाण्याने पुसून, आत कागद कोंबून सावलीत ठेवायला काय हात मोडले होते? मी तेल चोळून पाहिलं, पण चामड्याच्या भेगा जात नाहीत.

सकाळी बाबांनी ते पाहिले. म्हणाले, "मीच भिजवले असणार गं. हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही." मी तुझं नाव सांगितलं, तर माझ्यावरच चिडले, "उगाच त्याच्यावर ढकलू नकोस!" तेव्हापासून बूट मांडीवर घेऊन बसलेत.

मी कामाला चालले. नवे बूट आणून सारवासारव करू नकोस. आधी त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग, की ते काहीही विसरलेले नाहीत.

ताई