गोविंदरावांचा नर्मदेचा नकाशा

७ सप्टें.
ह्यांनी कॅम्प ५ च्या सिंधी बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून नर्मदा परिक्रमेचा नकाशा आणला. कापडावर हातानं काढलेला. गुजरातचा बराच भाग कसरीनं खाल्लाय. सिंधी शेठ म्हणाला, "अँटिक है साईं." झालं! रिटायर झाल्यापासून हे असलं काहीतरी शोधतच होते. कार्तिकात निघणार म्हणे. एकटे.
मी म्हटलं, मीही येते.
"तुला झेपायचं नाही. चालावं लागतं."
लिफ्ट बंद पडली की मी भाजी घेऊन जिना चढते. हे खाली वॉचमनजवळ बसतात.

११ सप्टें.
हॉलभर नकाशा. जेवण ओट्यापाशी उभ्यानं. नकाशावर बारीक अक्षरात शेरे: 'महंत कटकटे.' 'भाकरी उत्तम, कालवण पाणी.' 'कुत्री. काठी ठेवणे.' नदीच्या एका वळणावर नुसतंच, 'येथे रडू आले.' हे त्यावर फिदा. केवढा तपस्वी माणूस! कोपऱ्यात सही: गोविंद, बदलापूर गाव.

१४ सप्टें.
ह्यांचा सराव सुरू. चिखलोलीपर्यंत चालत. येताना रिक्षा.

२१ सप्टें.
बदलापूर गावात विचारत विचारत गोविंदरावांचं घर सापडलं. त्यांची सून भेटली, ऐंशीच्या पुढची. हे एकदम तिच्या पायाच पडले. "तुमचे सासरे म्हणजे... एवढी परिक्रमा... पायी..."
"कोन, सासरा? तो येशीभायेर गेला नाय कदी. चालायचा जाम कटाला. परकम्मेला सासू गेलती. एकटी."
"मग नकाशा?"
"ती आली, तिनं सांगितलं. त्यानं ओटीवर बसून काडला."
ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा. मी हसू दाबत विचारलं, "आणि 'येथे रडू आले' लिहिलंय, त्या वळणावर रडल्या का हो सासूबाई?"
"ती कशाला रडंल? ती बोलली, हितं आल्यावर वाटलं, आता घरी जाऊच नये. आयकून सासरा रडला."
परतताना रिक्षात माझं हसू कुठे गेलं कळलं नाही.

२२ सप्टें.
ह्यांनी चहा केला! माझ्यासाठीपण. साखर नाही. मी तसाच प्यायले.

२५ सप्टें.
आज सरावाला मी एकटी गेले. चिखलोली, आणि परतही पायीच. पाय ठणकतायत, पण मजा आली.
रात्री जेवताना हे म्हणाले, "समजा तू गेलीस. एकटी. परत येशील ना?"
लगेच हो म्हणायला हवं होतं.
"आमटी वाढू?" म्हटलं.