सहाव्या आणि सातव्या गाण्याच्या मध्ये

१२ जानेवारी, रविवार

सिस्टर तेथे होत्या.

त्या सभागृहात, त्या संध्याकाळी, ते चौघे रंगमंचावर उभे असताना – प्रत्यक्ष होत्या. आणि हे त्यांनी आज ज्या सुरात सांगितले, त्या सुरात माणसे बाजारातून बटाटे आणल्याचे सांगतात.

वस्तुस्थिती नीट नोंदवून ठेवतो. आमचा लाडका बँड या शहरात एकदाच आला. त्याला सेहेचाळीस वर्षे झाली. त्या मैफलीचे जगात एकच ध्वनिमुद्रण आहे आणि ते माझ्या कपाटात आहे. ते दादाने केले, कोटाच्या आत बॅटरीवर चालणारे यंत्र लपवून. तिकीट एकच मिळाले होते. आम्ही दोघा भावांनी नाणे उडवले, आणि मी ती संध्याकाळ छापखान्यात टेलिफोन डिरेक्टरीची मुद्रिते तपासण्यात घालवली. आडनावे 'प' ते 'ब'. दादाला जाऊन नऊ वर्षे झाली. त्या नाण्याबद्दल मी त्याला अजून पुरती क्षमा केलेली नाही.

दर रविवारी तीन वाजता आम्ही तिघे म्हातारे चष्म्याच्या दुकानामागील खोलीत जमतो – दुकानाचे मालक चष्मेवाले, निवृत्त बँकवाले आणि मी – आणि या बँडच्या जिवंत मैफली ऐकतो. स्टुडिओतल्या तबकड्यांना मज्जाव. माझ्याकडे दोनशे बारा मैफली आहेत. प्रत्येकीची तारीख, गाण्यांचा क्रम, कोणाचे कोठे चुकले, या सर्वांची तालिका आहे. मला येथे पंडित म्हणतात. अर्धे कौतुक, अर्धी टवाळी. परंतु शंका आली की सगळे माझ्याकडेच बघतात.

बघत असत.

सिस्टर म्हणजे चष्मेवाल्यांच्या वहिनी. निवृत्त परिचारिका. महिनाभरापूर्वी धाकट्या दिरांकडे राहायला आल्या आहेत. चहा घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अय्या, ही तीच मंडळी का? यांच्या कार्यक्रमाला माझी ड्यूटी होती. प्रथमोपचाराला."

"तुम्ही आत होता?" बँकवाल्यांचा कप हवेतच राहिला.

"आत म्हणजे? स्टेजच्या अगदी बाजूला. खुर्ची टाकून. कानात कापूस घालून."

कानात कापूस!

बँकवाले माझ्याकडे वळून म्हणाले, "पंडित, तुम्ही सेहेचाळीस वर्षं जेवणाची यादी वाचताय. या जेवून आल्या."

१३ जानेवारी, सोमवार

ड्रम वाजवणाऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नाही. मी मुद्दाम विचारले होते. "तो मागे बसलेला घामट ना?" म्हणाल्या.

१९ जानेवारी, रविवार

आज माझी खुर्ची सिस्टरांना देण्यात आली. मी स्टुलावर बसलो. फीत लावलीच नाही. बँकवाल्यांनी चक्क वही आणली होती – गेल्या अकरा वर्षांत माझे बोलणे टिपून घ्यावे, असे त्यांना एकदाही वाटले नाही.

सिस्टर जे म्हणाल्या, ते आठवेल तसे लिहितो.

"पाच-सहा गाणी झाली असतील. आणि दिवे गेले. माइक, भोंगे, सगळंच मेलं. तेवढ्यात एक बाई भोवळ येऊन पडली होती, तिला माझ्याकडे आणलेलं. अंधारात मी तिचं मनगट धरून बसले. माझ्या घड्याळाचे काटे चमकायचे, त्यावर नाडी मोजत होते. आता चेंगराचेंगरी होणार, असंच वाटलं मला. तर तो गाणारा पुढे आला आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. आणि हळूच गायला लागला. नुसता गळा. मग पुढच्या रांगा गायला लागल्या, मग मागच्या. एकही माणूस ओरडला नाही. मी कापूस काढून टाकला. बाईची नाडी एकशे तीस होती, ती त्या गाण्याबरोबर उतरत उतरत ब्याऐंशीवर आली. चार मिनिटं. मग दिवे आले."

"कोणत्या गाण्यानंतर?" मी विचारले.

"तो घामट एकटाच बडवत बसतो बघा, त्यानंतर."

ते सहावे गाणे. उत्तर नेमके होते, हे कबूल केले पाहिजे.

मग त्या कप गोळा करता करता म्हणाल्या, "तेव्हा मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. वॉर्डात एका आठवड्यात तीन पेशंट गेले होते माझ्या हातावर. दुसऱ्या दिवशी तो कागद फाडला. त्यानंतर चौतीस वर्षं नोकरी केली."

चष्मेवाले चष्मा काढून पुसत बसले. साऱ्या गावाला चष्मे देणाऱ्या या गृहस्थाच्या काचा एरवी कायम मळलेल्या असतात.

आमच्या फितीत असा अंधार नाही. घरी जाऊन तपासायचे ठरवले.

२१ जानेवारी, मंगळवार

फीत तीनदा ऐकली. स्टॉपवॉच घेऊन. सहाव्या गाण्यातील शेवटची झांज आणि सातव्याचा पहिला स्वर यांमध्ये अकरा सेकंदांच्या टाळ्या आहेत. अकरा. त्यांत चार मिनिटे कोठे बसवायची?

सूनबाई दारातून डोकावली. "बाबा, अर्धा तास नुसत्या टाळ्याच ऐकताय. कॅसेट अडकली का?"

"नाही."

"मग गाणं बिघडलंय?"

"गाणे नाही. एक बाई बिघडवीत आहेत."

"बाबा, या वयात?" म्हणाली आणि हसत स्वयंपाकघरात गेली. मुलालाही सांगितले असणार. जेवताना तो माझ्याकडे पाहून उगाच खोकत होता.

या मैफलींत मला काय सापडते, हे घरात कोणाला कधी सांगता आले नाही. तबकडीवरचे गाणे निर्दोष असते, म्हणून ते एकदाच घडलेले असते. मैफलीत तेच गाणे दोनशे बारा वेळा घडते. लांबच्या प्रवासानंतर त्यांची लय किंचित मंदावते. सर्दी झालेली असली, की गायक दुसऱ्या कडव्यातला वरचा स्वर टाळून श्रोत्यांपुढे माइक धरतो. एकोणतिसाव्या मैफलीत गिटारवाल्याची तार तुटली आहे. उरलेल्या पाच तारांवर त्याने जे वाजवले, ते पुढे त्याने सहा तारांवरही वाजवले नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पुसल्या. या चौघांच्या चुका मात्र मी जपून ठेवल्या आहेत.

आणि त्या चौघांपासून आठ हातांवर बसून त्या बाईंनी कानात कापूस घातला!

दादाचेही असेच. तो त्या संध्याकाळबद्दल बोलू लागला, की मी उठून दुसऱ्या खोलीत जात असे. "ऐक तरी, काय झालं ते," म्हणायचा. फीत दे, वर्णन नको, असे मी त्याला बजावले होते. पुढे त्याने सांगणे सोडले.

याला मत्सर म्हणतात. निदान येथे तरी योग्य शब्द लिहावा.

२२ जानेवारी, बुधवार

बँकवाल्यांचा फोन. सिस्टरांची हकीकत टंकित करून बँडच्या चाहत्यांच्या पत्रिकेकडे पाठवणार म्हणतात. त्या पत्रिकेला मी एकोणीस पत्रे लिहिली आहेत. दोन छापली, तीही काटछाट करून.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

यंत्र, फीत आणि स्टॉपवॉच घेऊन गेलो. सहाव्या गाण्याचा शेवट लावला. झांज. टाळ्या. सातवे गाणे सुरू.

"अकरा सेकंद," मी म्हणालो. "यंत्र बॅटरीवर चालत होते, म्हणजे वीज गेली असती तरी ते थांबले नसते. अंधार येथे असायला हवा होता. तो येथे नाही."

सिस्टरांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा लावले. त्यांनी यंत्राला कान लावला – छातीवर कान ठेवतात तसा.

"फितीत नाही म्हणता?"

"नाही."

"पण मी त्या बाईचं मनगट..."

"सिस्टर, माणूस विसरतो आणि विसरलेल्या जागी दुसरे काही जोडतो. फीत जोडीत नाही."

चष्मेवाले मध्ये पडले. "अहो पंडित, जाऊ द्या ना. काय फरक पडतो?"

"पत्रिकेत छापून येणार असेल, तर पडतो."

सिस्टरांनी आपल्या हातांकडे बघितले. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं जपून ठेवलंय त्यांनी. त्यांचंच खरं असणार." आणि कप उचलून आत गेल्या. माझ्या कपात अजून चहा होता.

बँकवाल्यांनी वहीतले पान काढले, त्याची घडी केली आणि ते खिशात घातले.

घरी येताना पाय हलके होते. लपवून काय उपयोग?

९ फेब्रुवारी, रविवार

सिस्टर आल्या नाहीत. खुर्ची मला मिळाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चष्म्याची नाकावरची पट्टी ढिली झाली, म्हणून दुकानात गेलो. सिस्टर गल्ल्यामागे बसून रिकाम्या डब्या पुसत होत्या. मला टाळतील असे वाटले होते. टाळले नाही. तेच जड गेले.

"पंडित, बरं झालं तुम्ही सांगितलंत. नाहीतर हसं झालं असतं माझं."

"हसे कशाला?"

"सारखी आठवत बसले हो. ते चमकत्या काट्यांचं घड्याळ मला नक्की कधी मिळालं, तेसुद्धा आता सांगता येत नाही. दुसऱ्याच कुठल्या दिवशीचा अंधार असेल. नोकरीत अंधार काय थोडे बघितले? आणि गाणं रेडिओवरचं असेल. दोन्ही चिकटली असतील डोक्यात."

"असे होते," मी म्हणालो.

"होतं ना." त्यांनी एक डबी उघडली, पुसली, मिटली. "आमच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी एक दिवस हरवला, मग माणसं. म्हणून मी काल डॉक्टरांकडे नाव नोंदवून आले."

मी काउंटरवरचा आरसा सरळ केला. तो सरळच होता.

"फक्त एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "मग राजीनामा मी कशापायी फाडला?"

पट्टी बसवून झाली. चष्मेवाल्यांनी चहा विचारला नाही. अकरा वर्षांत प्रथमच.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकशे चाळिसावी मैफल लावली. उत्तम प्रत. कोणी मान हलवली नाही.

"काय झाले आहे तुम्हा दोघांना?" शेवटी मीच विचारले.

"काही नाही," बँकवाले म्हणाले. "तुम्ही जिंकलात. आम्ही ऐकतोय."

"मी खोटे बोललो का?"

"छे. तुम्ही कुठले खोटं बोलताय? खरं बोलूनसुद्धा माणूस झोपवता येतो, एवढंच कळलं."

त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसते – त्यांना अजूनही सिस्टरांचेच खरे वाटते. पुरावा ऐकूनही! तेव्हा ठरवले, की एक रीतसर निवेदन लिहायचे. मूळ ध्वनिमुद्रण कधी झाले, प्रत कोणत्या तारखेला काढली, कोणत्या यंत्रावर, सर्व तपशिलांसह. खाली स्वाक्षरी. म्हणजे कोणाला शंकेला जागा उरणार नाही. आणि सिस्टरांनाही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रत काढल्याची तारीख हवी होती. तालिका मी पुढे नव्या वह्यांत शुद्ध करून उतरवली. ती तारीख पहिल्या कच्च्या वहीत होती. मुलाकडून माळ्यावरची पेटी काढवली. दुसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात:

'दादाच्या फितीची स्वच्छ प्रत केली. सहाव्या गाण्यानंतर वीज गेली आहे. अंधारात प्रेक्षक गातात. वाद्ये नाहीत, गायक नीट ऐकू येत नाही. चार मिनिटे नऊ सेकंद. वगळले. मूळ फीत पुसून पुन्हा वापरली.'

त्याच पानावर आणखी सात ठिकाणी 'वगळले' आहे. खोकले, शिट्ट्या, एका मुलीचे हसणे. त्यांतले एकही आठवत नाही.

म्हणजे ती चार मिनिटे जगात एकाच ठिकाणी, सिस्टरांच्या आठवणीत, उरली होती, आणि तेथूनही ती मी काढून टाकली.

डॉक्टरांनी त्यांना आज अकराची वेळ दिली आहे, असे चष्मेवाल्यांनी फोनवर सांगितले. मी विचारले, मी बरोबर आलो तर चालेल का. वही पिशवीत घातली आहे.