हात वर

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रियदर्शनीनं हात घातला! काल, परदेशात, भारताच्या जर्सीत, सगळ्या जगासमोर! शेवटचं मिनिट, गोलकीपर पुढं गेलेली, चेंडू सरळ गोलात निघालेला — आणि ही बया रेषेवर उभी राहून दोन्ही हातांनी तो अडवते! पंचाला दिसलंच नाही. कॉर्नर दिला. ही हात वर करून पंचाकडं धावली, काहीतरी ओरडत. तेवढ्यात लाइनवरच्या पंचानं झेंडा वर केला. लाल कार्ड, पेनल्टी. पेनल्टी त्या पोरीनं बाहेर मारली आणि भारत सेमीफायनलला.

सकाळी स्टँडवर बॅनर. 'कवठे महांकाळची वाघीण'. चहावाला म्हणतो, "देशासाठी कार्ड खाल्लं पोरीनं!" मी तिथंच उभी होते, कप हातात धरून. ती आणि मी, दोघी शाळेमागच्या एकाच माळावर खेळलो, हे कुणाच्या ध्यानातही नाही.

जळते मी. लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज रजयांची सात गिऱ्हाइकं. थंडी आली की पिंजाऱ्याच्या दुकानात बसायला जागा नसते. प्रत्येक जण अब्बांना तेच विचारतो — "ती वाघीण तुमच्या पोरीची मैत्रीण ना ओ?" अब्बा खुशीत मान हलवतात. मी खोळी शिवते.

मैत्रीण! तीन वर्षांपूर्वी मिरजेला निवड चाचणीची मॅच होती. आम्ही दोघी एकाच टीममध्ये. आमच्याच गोलपाशी चेंडू माझ्या खांद्याला लागला. खांद्याला! पंचानं खेळ चालू ठेवला. प्रियदर्शनी आधी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बघतच राहिली. मग स्वतःच ओरडली — "हात!" आपल्याच टीमविरुद्ध! पेनल्टी बसली, हरलो, आणि निवड तिची झाली. मी घरी आले ती ह्या मशीनपाशीच.

तेव्हा हरिश्चंद्राची नात झाली होती. आता?

५ नोव्हेंबर, बुधवार

वाऱ्यानं बॅनरचा एक कोपरा सुटलाय. मी बांधला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वारं फिरलं! सगळ्या फोनवर तीच क्लिप. हात घातला ते घातला, वर पंचाला फसवायला धावली — 'हात लागलाच नाही' म्हणत होती, असं टीव्हीवरचे शहाणे सांगतायत. चोराच्या उलट्या बोंबा! आता शिस्त समिती बसणार. हात घातल्याबद्दल तिची सेमीफायनल तर गेलीच. पण पंचाशी खोटं बोलली असं ठरलं तर वर्षभर बाहेर.

चहावाला आज म्हणाला, "तालुक्याची अब्रू घालवली पोरीनं." चार दिवसांत!

दुपारी नानासो सर दुकानात आले. आम्हाला दोघींना त्यांनीच शिकवलं. उभ्या उभ्याच म्हणाले, "बुधवारी समिती बसतीय. हात घातला त्याची सजा भोगते म्हणतीय ती. पर खोटं बोलले न्हाई म्हणती. मग काय वरडत हुतीस, इचारलं तर एवढंच म्हणती — मुबूला इचारा."

मुबू, म्हणजे मी! तीन वर्षांत एक फोन नाही, आणि आता मुबू! बरं, तिनं केले होते फोन. मी उचलले नाहीत. ते राहू दे.

"मला काय ठाऊक सर? मी होते का तिथं?"

"आठ वर्सं खेळलीस तिच्यासंगं. कसली पोरगी हाय, दोन वळी लिहून दे."

"बघते" म्हटलं. सरांना माझं 'बघते' कळतं. चहा न घेता गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

बॅनर काढलं. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं! जेवायला बसले तर घास उतरेना, पण ते भाजीत मीठ जास्त होतं म्हणून.

जाऊन आले माळावर. उगीच. आम्ही चौघीच पोरी खेळायचो, गोलाला अब्बांच्या जुन्या गाद्यांची गाठोडी. पंच कुठला? म्हणून नियम होता — जिचा हात लागेल तिनंच हात वर करायचा आणि 'हात!' म्हणायचं. नियम मी केला होता. सहावीत. प्रियदर्शनी तेव्हा इतकी खरी की बोटाला वारा लागला तरी हात वर. आम्ही हसायचो तिला.

१० नोव्हेंबर, सोमवार

मशीनवर कापूस पिंजायला घातला होता. त्या आवाजात माणूस शेजारी ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून आमच्या घरात सगळे ओठ वाचतात. अब्बा तर गिऱ्हाइकाचा भावसुद्धा ओठांवरनं ओळखतात. मी गठ्ठ्यावर बसून क्लिप बघत होते. कितव्यांदा, देव जाणे. तिची फजिती बघायची गोडी लागलीय मला, खोटं कशाला बोलू.

अब्बा मागनं वाकले. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मशीन बंद केलं आणि म्हणाले, "ही पोरगी 'हात, हात' का म्हणतीय गं?"

मी परत लावलं. आवाज बंद करून. टीव्हीवाल्यांच्या बडबडीत इतके दिवस मी तिचं तोंड बघितलंच नव्हतं.

हात. हात. उजवा हात वर, पंचाकडं धावत — लाइनवाल्याचा झेंडा अजून खालीच! त्या परक्या पंचाला काय कळणार! जगात चार पोरींना कळलं असतं. त्यातल्या दोघी नांदायला गेल्या, तिसरी ती स्वतः.

"मुबूला इचारा."

अब्बा म्हणाले, "रडतीस का?" म्हटलं, कापूस गेला डोळ्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना फोन केला. "लिहिल्यास व्हय दोन वळी?" म्हणाले. म्हटलं, लिहून नको सर, कॅमेऱ्यासमोर बोलते. आमच्या माळाचा नियम सांगते. तो कुणी पाळला ते सांगते, आणि कुणी नाही पाळला तेही.

मिरजेत चेंडू हातालाच लागला होता.