खोपटातला फोन

लँकेस्टर, अमेरिका
१२ मे १९८६

ती. सौ. अलकनंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फरीदाबादच्या आमच्या ट्रॅक्टर कारखान्याने मला प्रगत शेती पाहायला सहा महिने इकडे धाडलं, आणि खोली मिळाली ती आमिश लोकांच्या वस्तीत. हे धर्मनिष्ठ शेतकरी घोड्यांनी नांगरतात, घरात वीज घेत नाहीत. ट्रॅक्टरचा इंजिनिअर ठेवायला याहून योग्य जागा नकाशावर नसावी.

शेजारी योनास म्हणून म्हातारा आहे. त्याच्या गवत बांधायच्या मशीनला डिझेल इंजिन आहे, पण ते ओढायला चार खेचरं. फोनसुद्धा आहे, पण शेताच्या टोकाला, मोरीएवढ्या खोपटात, पाच घरांत मिळून एक. तू सात वर्षं अर्जांवर अर्ज करते आहेस, आणि हे महाशय मिळालेला फोन घराबाहेर ठेवतात. घरात असला की माणसं एकमेकांकडे जायची थांबतात म्हणे. एवढ्या थोर विचारापुढे मी काय बोलणार?

तुझा फोन लागला की दर रविवारी बोलू, ही पत्रांची कटकट बंद. अण्णांना त्यांच्या लेकाचा नमस्कार. लोभ आहेच, वाढला तरी हरकत नाही.

गुणवंत


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१० ऑगस्ट १९८६

चि. गुणवंतास अ. उ. आ.

फोनमहाराज स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली विराजमान आहेत. ह्यांनी डायलला कुलूप लावून किल्ली ऑफिसात नेली आहे. अख्ख्या ब्लॉकचे फोन मात्र आपल्याकडे येतात आणि लोकांना बोलवायला जिने मी चढते. बिल्कुल मजेत आहे.

तुझे पाच रविवार फोन झाले. अण्णा दर वेळी "हो, छान, छान" म्हणाले. काल मी विचारलं, तो काय म्हणाला? तर म्हणाले, तिकडे पाऊस चांगला आहे. हाताला टाके पडल्याचं तू त्याच फोनवर मला सांगितलं होतंस, आणि त्यांनाही सांगतो म्हणाला होतास.

त्यांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, गुणवंत. पाचही वेळा आलं नाही. तुझा हिरमोड नको म्हणून बोलले नाहीत. पोस्टमनच्या वेळेला मात्र रोज फाटकाशी उभे असतात. तू इंजिनिअर आहेस, पुढचं तूच काढ.

माया तशीच ठेव.
ताई


लँकेस्टर
२५ ऑगस्ट १९८६

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पाऊस नाही अण्णा, माझा हात कापला होता. योनासला खेचरांपेक्षा माझी हुशारी दाखवायला गेलो आणि मशीनने मलाच धरलं. तो म्हातारा धावत खोपटात गेला, फोन करून मोटार बोलावली आणि दवाखान्यात दिवसभर माझ्याजवळ बसला. शेवटी फोनच कामाला आला ना, असं मी त्याला खिजवलं. तो म्हणाला, "फोन वाईट आहे असं मी कधी म्हटलं?"

हात बरा आहे. रविवारी आता फोन करणार नाही, लिहीन.

आपला आशीर्वाद मागणारा,
गुणवंत


लक्ष्मीबाई नगर
९ सप्टेंबर १९८६

चि. गुणवंतास अ. उ. आ.

पत्र पोचले. हाताचे वाचून आधी रागावलो, मग पुन्हा वाचले. तुझे अक्षर फोनच्या आवाजाइतकेच वाईट आहे, पण लागते.

आता एक कर. त्या पाच रविवारी तू जे जे बोललास, ते सगळे लिहून पाठव. एकही रविवार गाळू नकोस.

तुझा,
अण्णा