कुडूमागे सुरी घेऊन कोण धावणार?

अहो इक्बालचे अब्बा,

सलाम. बोलते आहे मी, लिहिते आहे तुमची सून रेहाना. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला ते कळायचा प्रश्नच नाही, पण ती मध्येच पेन थांबवून माझ्याकडे बघते ते बरोबर कळतं. "अम्मी, हेही लिहू?" विचारते. सगळं लिही म्हटलंय.

तुम्हाला अल्लाघरी जाऊन पाच वर्षं झाली. पाच वर्षांत एक शब्द पाठवला नाही आणि आजच का? कारण गेल्या शुक्रवारी जेवताना तुमच्या मुलाला मी एक गोष्ट सांगून बसले, जी तुम्हाला कधी सांगितली नव्हती. ती तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. तेव्हा बसा. बोलणं पटलं नाही की उठून चालू लागायची तुमची सवय मला माहीत आहे.

तुमचा आफ्रिकेचा बेत आठवतो? काय विचारते मी! थोरल्या भावांचं पत्र आलं की तुम्ही मला दोनदा वाचून दाखवायचात. सहा दिवस पायी डोंगर तुडवायचे, काट्याच्या रानात शिरायचं, कुडूचा माग काढायचा. कुडू म्हणजे आपल्या सांबराएवढा आणि शिंगं पिळाची, हे मला तेव्हापासून पाठ. इथे बहरीनला, हूऱ्यातल्या याच घरात चटईवर काडेपेट्या मांडायचात. हा डोंगर, हा ओढा, इथे मी, तिथे भाऊ. गावच्या सड्यावर ठासणीच्या बंदुकीने भेकर मारलेला माणूस, तुम्हाला धीर कुठला!

आणि मग पासपोर्ट काढून त्या एका ओळीवर बोट ठेवायचात. सगळीकडे चालेल, दक्षिण आफ्रिकेत नाही. पन्नास वर्षांपूर्वी गेलेला भाऊ तिकडे, तुम्ही इकडे, आणि मधे ती बोटभर ओळ. भाऊ वारले तेव्हाही तुम्ही असंच बोट ठेवून बसला होतात. मी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

ती ओळ आता नाही हो! तिकडचं गोऱ्यांचं राज्य गेलं, इकडचा पासपोर्टही बदलला. इक्बालने नवा पासपोर्ट माझ्यापुढे उघडून धरला. "बघ अम्मी, नाही!" मी नीट बघितलं. लिहिलेलं वाचता येत नाही मला, पण नसलेलं वाचलं!

तर या जूनमध्ये इक्बाल निघालाय. तिकडे तेव्हा थंडी असते, सकाळी गवतावर बर्फ पडतं. तुमच्या भावाचा युसूफ बंदूक देणार, रान दाखवणार. फोनवर तो आपली बोली बोलतो, आणि कशी! त्याचा बाप गाव सोडताना जी घेऊन गेला तीच, जशीच्या तशी. आपल्या गावातही आता कुणी तसं बोलत नाही. "चाची," म्हणाला, "गाडीतसून मारला तर ती शिकार नाय, तो खाटिकखाना. आमी चालतांव." ऐकलंत? हुबेहूब तुमचे भाऊ!

त्याने फॅक्स पाठवला, इक्बालने तो फ्रिजवर चिकटवला. रोज सात-आठ तास चालायचं. पाणी आपलं आपण वाहायचं. बूट नवे घालून यायचं नाही, आधी दोन महिने इथे पायात मळवायचे. ज्याचा गुडघा दुखतो त्याने घरी बसावं, हेही लिहिलंय. रेहानाने ती ओळ मोठ्याने वाचली, दोनदा.

तुमचा मुलगा पंचेचाळीसचा झाला. तुबलीच्या गॅरेजात दिवसभर गाड्यांखाली असतो, तरी पोट कसं वाढतं देव जाणे. आता खांद्यावर दहा किलो बासमतीची पिशवी घेऊन बिल्डिंगचे पाच मजले चढतो-उतरतो. चौकीदाराने तीनदा विचारलं, लिफ्ट बंद आहे का म्हणून. दर शुक्रवारी दुखानच्या डोंगरावर जातो. डोंगर म्हणे! आपल्या घाटीपुढे तो उंबरठा. पण बहरीनमध्ये आणखी चढणार कशावर? त्याच्याबरोबर नाजिया जाते, तुमची नात. एकोणीस वर्षांची झाली. शाळेत धावण्यात कायम पहिली यायची. बाप अर्ध्यावर कंबरेवर हात ठेवून उभा असतो, ती वर जाऊन खाली येऊन पुन्हा वर जाते.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका.

युसूफ म्हणाला, गोळी लागली तरी कुडू लगेच पडत नाही. काट्यात शिरतो, डोंगर उतरतो, मग पडतो. त्याचा जीव आहे तोवर सुरी घेऊन कुणीतरी पोचलं पाहिजे, बिस्मिल्लाह म्हणून हलाल केलं पाहिजे. नाही पोचलं तर ते मांस आपल्याला नाही. म्हणून त्याच्याकडे बंदूकवाल्यामागे एक सुरीवाला चालतो. गोळीचा आवाज झाला की त्याने धावायचं. इतकी वर्षं युसूफ स्वतः धावायचा, आता त्याची कंबर गेली. "इक्बाल," म्हणाला, "सुरीवालो तुझो तू आण."

इक्बालने मला हे जेवताना सांगितलं आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच त्या गुडघ्याकडे बघितलं.

"डॅडी, आय विल रन," नाजिया म्हणाली. "मी जाते ना."

"तू?"

"मग कोण? तू?"

"नाजिया, खलास," इक्बाल म्हणाला. "धावणं वेगळं, सुरी चालवणं वेगळं. बाईच्या हातचं आपल्या घरात चालत नाही. अब्बा असते तर त्यांनी घासही घेतला नसता."

पोरीने माझ्याकडे बघितलं. एवढं इंग्रजी शिकलेली पोर, पण याचं उत्तर कुठल्या पुस्तकात? माझ्याकडे होतं!

आठवतं का तुम्हाला, इक्बाल चार वर्षांचा होता तेव्हाची तुमची रजा? तुम्ही दोन-दोन वर्षं इथे बंदरावरच्या गोदामात, घरात बाप्या माणूस नाही. पोराला ताप आला, रस्सा हवा, पाहुणा आला, कोंबडी हवी. कापायला कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? मी कापायला शिकले. तुम्ही आलात, त्या दिवशीही मीच कापली, आणि मूर्खासारखं अभिमानाने सांगितलं. तुम्ही ताट सरकवलंत आणि ओटीवर जाऊन बसलात. पोरांनी आणि मी खाल्लं. काय झाली होती ती कोंबडी! तुमचंच नुकसान.

दुसऱ्या दिवशी मी तरीत बसून खाडीपलीकडच्या मौलवींकडे गेले, पदर डोक्यावर, पाय चिखलात. विचारलं. ते म्हणाले, सुरीला धार हवी, अल्लाचं नाव हवं, हात बाईचा असला तरी चालतं. परत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात?

"मौलवींना चालतं ना? मग त्यांनाच वाढ."

तेव्हा मी ठरवलं. पुढच्या रजेपासून कोंबडी शेजारचे अन्वरचाचा कापू लागले.

अहो, कुठले अन्वरचाचा! त्यांचे हात किती थरथरायचे विसरलात? बशी दोन्ही हातांनी धरली तरी अर्धा चहा लेंग्यावर. तो माणूस कोंबडी कापणार? आणि तुम्ही मानलंत! इथून जाताना त्यांच्यासाठी अत्तराची बाटली न्यायचात, बिचारे आपल्यासाठी येऊन कापून जातात म्हणून. चाचा बाटली घ्यायचे, तुम्हाला दुवा द्यायचे, आणि तुमची पाठ वळली की मला म्हणायचे, "हलीमा, वासावर हक्क तुझा आहे गं, पण मला हा फार आवडतो." असू दे म्हटलं. त्यांनी मला एकदाही उघडं पाडलं नाही.

मला इथे बोलावून घेतलंत तोवर सतरा वर्षं गेली. सतरा वर्षांतल्या सगळ्या रजा तुम्ही माझ्याच हातचं खाल्लंत. बोटं चाटून खाल्लंत! "अन्वरचाचांच्या हाताला चव आहे," असंही एकदा म्हणालात. मी घुंघटात हसले, तुम्हाला वाटलं लाजले.

हे सगळं मी शुक्रवारी इक्बालला सांगितलं.

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "अम्मी, तू अब्बांना फसवलंस?"

रेहानाचं पेन इथे पुन्हा थांबलंय. लिही, बाई.

होय, फसवलं. चाचांच्या नावाने खोटं बोलले, ते पाप माझ्या खात्यावर आहे, त्याची माफी मागते. हात जोडून मागते. पण एक घासही तुम्हाला हराम घातला नाही. दर वेळी अल्लाचं नाव घेतलं, दर वेळी सुरीला धार होती. तेव्हा खोट्याची माफी. सुरीची नाही!

आणि एक तुम्हीही सांगा. तुम्हाला खरंच कधी शंका आली नाही? की आली होती, आणि रस्सा चांगला होता म्हणून गप्प राहिलात? हे मला विचारायचं राहून गेलं. तुम्ही आजारी होतात तेव्हा उशाशी बसून रोज वाटायचं, आज विचारू. भीती वाटली. तुम्ही तोंड फिरवलं असतंत तर ते मग तसंच राहिलं असतं.

इक्बाल दोन दिवस मला बघितलं की उठून चालू लागायचा. तुमच्यावर गेलाय. तिसऱ्या दिवशी तांदळाची पिशवी खांद्यावर टाकता टाकता म्हणाला, "आणि तिने आयुष्यात मुंगी मारलेली नाही. तिथे जाऊन रडत बसली म्हणजे?"

हे मात्र त्याचं खरं होतं. मी म्हटलं, ठीक. बघू.

परवा मनामाच्या बाजारातून जिवंत कोंबडी आणवली. गच्चीवर गेलो, मी आणि नाजिया. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेने, आणि वर ते ऊन. तिला सांगितलं, आधी पाणी पाज. सुरी पाठीमागे ठेव, तिला दाखवू नकोस. तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला.

"दादी, शी इज लुकिंग ॲट मी!"

"बघणारच. तिचा जीव जायचाय. तूही तिच्याकडे बघ. तोंड फिरवून सुरी चालवायची असेल तर आत्ताच खाली चल."

पोरीने हात सोडला. कोंबडी पळाली ती टाकीखाली! मी म्हातारी इकडून, ती तिकडून, एकोणीस वर्षांची धावपटू आणि कोंबडी काही सापडेना. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती. शेवटी नाजियाच पोटावर आडवी होऊन टाकीखाली शिरली आणि घेऊन आली. गुडघे सोललेले, केसांत धूळ. मी म्हटलं, "नको असेल तर नको म्हण. माझ्यासाठी करू नकोस. आजोबांवर सूड म्हणून तर मुळीच नको."

"नाही दादी. मला जायचंय," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

मी तिच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवावासा फार वाटला. तिने बिस्मिल्लाह म्हटलं, अल्लाहु अकबर म्हटलं, आणि एका दमात केलं. कोंबडी शांत होईपर्यंत धरून बसली. मग हात धुतले आणि भिंतीला टेकून रडली. मी रडू दिलं. रडणाऱ्याच्या हातात सुरी बरी असते, त्याला माहीत असतं आपण काय करतो आहोत ते.

मागे वळून बघते तर जिन्याच्या दारात इक्बाल! खांद्यावर तांदूळ, घामाने ओला. कधीचा उभा होता कोण जाणे. आता हा काय बोलतो म्हणून मी कंबर कसून तयार होते. तो पुढे आला, सुरी उचलली, अंगठ्याने धार बघितली.

"ही लहान पडेल," म्हणाला. "कुडूची मान जाड असते. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद चांगलं, गॅरेजात तिच्या मुठीच्या मापाची घासून देतो."

एवढंच. तुमचाच मुलगा, 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही. रात्री मात्र रस्सा दोनदा मागितला.

आता सुरीची मूठ तयार झाली आहे, व्हिसाचे कागद गेले आहेत. त्या कागदावर इक्बालने नातेवाइकांची भेट म्हणून लिहिलं. मी म्हटलं शिकार लिही, लाजतोस कशाला? माझे गुडघे धड असते ना, तर ती सुरी मीच घेतली असती आणि युसूफला दाखवलं असतं. तुमचा बेत होता तो. तो तुमच्या नातीच्या पायांनी पुरा व्हायचा असेल तर होऊ दे! तुम्हाला न आवडणाऱ्या मार्गाने तुमचंच स्वप्न पुरं होतंय, याची मला थोडी मजाही वाटते. लिही रेहाना, मजा वाटते.

पण खरं सांगू? भीतीही वाटते. काटे आहेत, घसरडे दगड आहेत, बिबटे आहेत म्हणतात. ती वेळेत पोचेल की नाही कुणी सांगावं? नाही पोचली तर त्या दिवशी मांस नाही. चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालेल ती. मात्र "पोरगी होती म्हणून" असं कुणी म्हणालं, मग तो तुमचा मुलगा असो नाहीतर पुतण्या, तर त्याला माझ्या हातचं पाणी मिळणार नाही.

तुम्ही रागावणार असाल तर रागवा. तो तुमचा हक्क आहे. फक्त ती सुरी घेऊन डोंगर उतरत असेल तेव्हा तिला मागून हाक मारू नका. मला फार वाटेल मारावीशी, इथे हूऱ्यात बसून ओठांपर्यंत येईल. पण मीही मारणार नाही. हा माझा तुम्हाला शब्द.

इक्बालची अम्मी, नाजियाची दादी,
आणि या खेपेला तुमच्या परवानगीवाचून तुमचीच,
हलीमा